युरो आणि शेअर बाजार: प्रकल्पात या चुका टाळा

दर जानेवारीत एम.कॉम.ची मुलं प्रकल्प घेऊन नौपाड्यात माझ्या घरी येतात. एका चलनामुळे युरोपातले शेअर बाजार एकमेकांत मिसळले का, हा विषय आवडता, कारण आकडे फुकट मिळतात. चुकाही दरवर्षी त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सगळे निर्देशांक रुपयांत बदलून घेणं. मागे कळव्याची एक मुलगी आली होती. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन आणि युरो न घेतलेला स्वीडन, सगळ्यांचे परतावे, म्हणजे निर्देशांकातले टक्केवारीतले बदल, रुपयांत. सहसंबंध, म्हणजे बाजार किती सोबतीने हलतात त्याचं माप, भरघोस आले म्हणून ती खुशीत. मी म्हटलं, "फक्त ऑगस्ट २०१३ काढ." त्या महिन्यात रुपया कोसळला होता, डॉलर ६८ च्या पुढे गेला होता. तिच्या तक्त्यात पाचही बाजार एकदम चढलेले. ती चढण बाजारांची नव्हतीच, घसरलेल्या रुपयाची होती. तोंडी परीक्षा दोन दिवसांवर. रात्री अकरापर्यंत बसून सगळे तक्ते नव्याने केले. "मॅडम, तयार फाइलच तशी मिळाली," ती म्हणाली. तयार फाइल हाच या विषयातला रोग आहे.

मी आधी प्रत्येक बाजार त्याच्या स्वतःच्या चलनात बघते, मग युरोत. भारतीय गुंतवणूकदाराला काय मिळालं हा प्रश्न असेल तरच रुपया.

दुसरी चूक: युरो सुरू झाला त्या १ जानेवारी १९९९ ला रेघ मारायची, आधीचं आणि नंतरचं मोजायचं आणि फरकाचं श्रेय युरोला देऊन मोकळं व्हायचं. एका चलनाचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिक्ट करारावर सह्या १९९२ मध्येच झाल्या. इटली-स्पेनचे व्याजदर नव्वदीच्या उत्तरार्धात जर्मनीच्या जवळ येत होते. बाजार तारखेची वाट बघत नाही. त्याच सुमाराला तंत्रज्ञान कंपन्यांच्या तेजीने जगभरचे बाजार एकत्र वर नेले. म्हणून युरो न घेतलेले स्वीडन आणि ब्रिटन तुलनेला शेजारी ठेवा. त्यांचीही जवळीक तेवढीच वाढली असेल, तर ती युरोच्या नावावर टाकता येत नाही. डेन्मार्क मात्र या तुलनेत घेऊ नका. त्याचं चलन, क्रोन, युरोला बांधलेलं आहे.

किरकोळ वाटणाऱ्या, पण गुण खाणाऱ्या चुका: परताव्यांऐवजी थेट निर्देशांकांचा सहसंबंध काढणं. ग्रीसला १९९९ च्या गटात टाकणं, तो आला २००१ मध्ये. नोटा २००२ मध्ये आल्या म्हणून तेव्हापासून मोजणं. सुट्टीच्या दिवशी कालचाच भाव चिकटवणं. मिडसमर या स्वीडनमधल्या जूनच्या सणाच्या शुक्रवारी स्टॉकहोम बंद असतं, फ्रँकफर्ट चालू. मी असे दिवस सरळ काढून टाकते आणि आठवड्याऐवजी रोजचे आकडे वापरायचा हट्ट धरत नाही, आठवड्याचे परतावे घेते.

आणि सहसंबंध वाढला म्हणजे बाजार एक झाले, असं लिहू नका. संकटात सगळेच एकत्र पडतात. २०१५ मध्ये ग्रीसकडे युरो होता, तरी भांडवल बाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि अथेन्सचा बाजार पाच आठवडे बंद राहिला. ३ ऑगस्टला उघडला तेव्हा एका दिवसात १६ टक्के पडला.