टेलिफोटो मॅक्रो लेन्स: निवडायची कशी आणि फोकस जमवायचा कसा

‘१०० मिमीची मॅक्रो पुरते, फक्त थोडं जवळ जायचं,’ असं सांगणाऱ्याने उन्हात बसलेल्या चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) जवळ जाऊन बघावं. १:१ ला, म्हणजे सेन्सरवर कीटक त्याच्या खऱ्या आकाराएवढा पडतो तेव्हा, १०० मिमी लेन्सच्या पुढच्या काचेपासून कीटकापर्यंत साधारण १३-१४ सेंटिमीटर उरतात. हूड (पुढची सावलीची कड) लावला की त्याहूनही कमी. १८० मिमीला तेच अंतर २४ सेंटिमीटरच्या आसपास जातं. टेलिफोटो मॅक्रो, म्हणजे १८०-२०० मिमीसारखी लांब मॅक्रो, घ्यायची ती या जास्तीच्या दहा सेंटिमीटरसाठी. तिच्यात कीटक मोठा दिसत नाही, १:१ म्हणजे दोन्हीकडे १:१ च.

आधी निवड. झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असं छापलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. त्यातल्या बऱ्याच लेन्स १:४ किंवा १:३ वर थांबतात. जाहिरात नको, तपशिलात ‘कमाल मॅग्निफिकेशन’ काय लिहिलंय ते वाचा. १.०x (म्हणजे १:१) नसेल तर ती खरी मॅक्रो नाही. वाचायचा दुसरा आकडा म्हणजे किमान फोकस अंतर. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही, म्हणून १८० मिमी लेन्सचं ४८ सेंटिमीटर वाचून ‘अर्धा मीटर लांबून काढता येईल’ असं समजू नये.

लेन्सला ट्रायपॉड कॉलर, म्हणजे लेन्सच ट्रायपॉडवर बसवायचं कडं, हवीच. तिच्याशिवाय टेलिफोटो मॅक्रो घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. किलोच्या आसपास वजनाची लेन्स कॅमेऱ्याच्या माउंटवर लटकवली की सगळं पुढे झुकतं. कॉलरमुळे दुसरी सोय अशी की ट्रायपॉड न हलवता आडव्याची उभी फ्रेम करता येते. ऑटोफोकसच्या वेगावर मात्र पैसे घालू नका. कॅननची १८० मिमी एफ/३.५ किंवा निकॉनची २०० मिमी एफ/४ या १९९० च्या दशकातल्या लेन्स वापरलेल्या आणि बऱ्या स्थितीत मिळाल्या तर जरूर बघा. निकॉनच्या त्या लेन्सला स्वतःची मोटर नाही, त्यामुळे निकॉनच्या मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यावर एफटीझेड हा जुन्या लेन्स जोडायचा अडॅप्टर लावून तिचा ऑटोफोकस चालत नाही. १:१ ला तो लागतो कुणाला?

नवी लेन्स परवडत नसेल आणि जवळ २०० किंवा ३०० मिमीची टेलिफोटो असेल, तर लोक एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घ्यायला सांगतात. लांब लेन्सला हा सल्ला चुकीचा आहे. ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. ३०० मिमीवर ३६ मिमीची ट्यूब लावली तर हाती जेमतेम ०.१२x जास्तीचे येतात. त्यापेक्षा +२ डायॉप्टरची चांगली, दोन काचांची क्लोज-अप लेन्स फिल्टरसारखी पुढे फिरवून बसवा. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर ३०० मिमीला सुमारे ०.६x मिळतात, तेही अर्ध्या मीटरवरून.

आता वापर. ट्रायपॉड लावा, मधला दांडा वर काढू नका, स्टॅबिलायझेशन बंद करा, रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा, आरशाचा कॅमेरा असेल तर मिरर लॉकअप करा, म्हणजे आरसा आधीच वर उचलून ठेवा.

खरी गाडी अडते ती फोकसवर, माझीही बराच काळ अडली होती. १:१ ला फुल फ्रेम (३६×२४ मिमी) सेन्सरवर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ/८ ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/१६ ला दोन मिलिमीटर. ‘मग एफ/३२ लाव ना’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. १:१ ला प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर आकड्याच्या साधारण दुप्पट होतं, एफ/१६ चं एफ/३२ होतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळं चित्रच मऊ पडतं. निकॉनचे कॅमेरे हा वाढलेला आकडा पडद्यावर दाखवतात, कॅनन दाखवत नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्या मित्रांचे आकडे जुळत नाहीत आणि उगाच वाद होतात. १:१ ला मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जात नाही. आणखी एक गैरसमज: टेलिफोटोमध्ये डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट येणाऱ्या भागाची खोली, कमी मिळते. मॅग्निफिकेशन आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर ती जवळपास तेवढीच मिळते. लांब लेन्समध्ये पार्श्वभूमी जास्त विरघळलेली दिसते, कारण तिच्यात मागचा फार छोटा तुकडा येतो.

तर मग हा एक मिलिमीटर वापरायचा कसा? आधी फोकस रिंग फिरवून हवं ते मॅग्निफिकेशन ठरवा आणि रिंगवरचा हात काढा. काढा म्हणजे काढाच. रिंग फिरवली की मॅग्निफिकेशनही बदलतं, आणि मग तुम्ही फोकस आणि फ्रेम यांच्यामागे आलटून पालटून धावत बसता. फोकस साधायचा तो अख्खा कॅमेरा पुढे-मागे सरकवून. ट्रायपॉडवर त्यासाठी फोकसिंग रेल (कॅमेरा थोडा थोडा सरकवणारी पट्टी) लावा. हातात धरून काढत असाल तर कोपरं गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेका, शरीर अगदी हळू पुढे झुकवा आणि कीटकाचा डोळा स्पष्ट होतोय असं वाटताच तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट मारा. तीस फ्रेमचा मारू नका, रात्री निवडत बसाल.

त्याहून महत्त्वाचा सेन्सरचा कोन. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू घ्या, पंख २५ मिलिमीटर लांब. कॅमेरा पंखाला समांतर नसून फक्त ५ अंशांनी तिरका असेल तर पंखाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटरहून जास्त मागे जातं. म्हणजे एफ/८ चा मिलिमीटर तर गेलाच, एफ/१६ चेही दोन पुरे पडत नाहीत. डोकं लख्ख आणि मागचा पंख धुरकट असे जे फोटो येतात, त्यांत लेन्सचा दोष नसतो. हा तिरकेपणा व्ह्यूफाइंडरमधून दिसत नाही. व्ह्यूफाइंडरवरून डोळा बाजूला घ्या, वरून बघा: मिटलेल्या पंखांची कड आणि कॅमेऱ्याच्या पाठीची कड या दोन रेघा समांतर आहेत का? मग बाजूने वाकून तेच तपासा. इथे लांब लेन्स मदतीला येते. ४८ सेंटिमीटरवरून ५ अंश सुधारायला कॅमेरा चारेक सेंटिमीटर सरकवावा लागतो, तेवढी हालचाल हाताला कळते. जवळच्या लेन्समध्ये अडीच सेंटिमीटरमध्येच कोन तेवढा बदलतो.

चतुर समोरून काढायचा असेल तर समांतर असं काही नसतंच. तिथे डोळे स्पष्ट ठेवा, पंख विरघळू द्या.

वारा असेल तर १:१ चा नाद सोडा. पान एक मिलिमीटर हललं की प्रतिमाही सेन्सरवर एक मिलिमीटर हलते, त्यावर कुठलंही स्टॅबिलायझेशन चालत नाही. १:३ ला या, शटर वाढवा. फ्लॅश वापरत असाल तर डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लेन्सच्या टोकाच्याही पुढे न्या. १०० मिमीसाठी बनवलेला डिफ्यूझर इथे मागे पडतो आणि चतुराच्या डोळ्यांत पांढरा ठिपका उमटतो. पार्श्वभूमीत खुपणारी काडी दिसली तर ती तोडू नका, कॅमेरा दोन बोटं बाजूला घ्या, ती फ्रेमबाहेर जाते.

कीटक फ्रिजमध्ये गार करून सुस्त करायची युक्ती कुणी सांगितली तर तिकडे लक्ष देऊ नका. पहाटे ते आपणच गारठलेले असतात. ऊन चढायच्या आत पोचलात तर तासभर जागचे हलत नाहीत, रेल सावकाश फिरवायला वेळ मिळतो.