जँगो आणि पोस्टग्रेस जोडताना: आधी हाताने, मग फ्रेमवर्कने

जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. त्याचा नवा प्रकल्प सुरू केला की तो काही न विचारता एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरू लागतो. प्रकल्पाच्या फोल्डरात एक फाइल तयार होते आणि तीच डेटाबेस. शिकण्यासाठी हे फार सोयीचं आहे. अडचण होते ती एकाच वेळी अनेक जण लिहू लागले की. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतं, बाकीचे रांगेत. रांग लांबली की 'डेटाबेस इज लॉक्ड' असा निरोप येतो आणि आपण पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेस सर्व्हरच्या दाराशी येऊन उभे राहतो.

पुढची पायरी म्हणून बहुतेक जण थेट सेटिंग्जची फाइल उघडतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी जँगो बाजूला ठेवा. जो युजर आणि जो पासवर्ड जँगो वापरणार आहे, तोच घेऊन टर्मिनलवरून स्वतःच्या हाताने डेटाबेसमध्ये शिरून पाहा. ते जमलं की जँगोचं काम पाच मिनिटांचं. ते न जमताच सेटिंग्ज चिवडत बसलात, तर चूक पोस्टग्रेसची, पायथनची की तुमच्या फाइलमधली, हे कळायला मार्ग उरत नाही.

पोस्टग्रेस मशीनवर आधीच बसवलेलं आहे असं धरून चालतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. उदाहरणादाखल आपल्या डेटाबेसचं नाव ग्रंथालय आणि युजरचं नाव ग्रंथपाल ठेवू. दोन्ही नावं लहान अक्षरांतच लिहा. अवतरणात नसलेली नावं पोस्टग्रेस स्वतःहून लहान अक्षरांत बदलतं, त्यामुळे तुम्ही हौसेने कॅपिटल दिलंत तर नंतर जँगो जे नाव शोधेल ते सापडणारच नाही.

पायरी १: युजर आणि डेटाबेस तयार करा

लिनक्सवर पोस्टग्रेसच्या मुख्य युजरच्या रूपाने, पीएसक्यूएल या टर्मिनलमधल्या प्रोग्रॅममधून आत जायचं:

सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल

विंडोजवर इन्स्टॉल करताना दिलेला मुख्य पासवर्ड इथे लागतो. आत गेलात की दोन ओळी:

क्रिएट युजर ग्रंथपाल विथ पासवर्ड 'इथे-तुमचा-पासवर्ड';
क्रिएट डेटाबेस ग्रंथालय ओनर ग्रंथपाल;

शेवटचा अर्धविराम विसरू नका. तो नसेल तर पोस्टग्रेस एररही देत नाही, नुसतं पुढच्या ओळीची वाट पाहत बसतं. कर्सरआधीच्या खुणेत बरोबरच्या चिन्हाऐवजी उणे चिन्ह दिसू लागलं, की समजायचं वाक्य अजून अर्धवट आहे.

दुसऱ्या ओळीतला 'ओनर' हा शब्द मात्र नीट बघा. जुन्या लेखांत डेटाबेस आधी बनवून मग 'ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस' असं सांगितलेलं असतं. पूर्वी ते पुरत होतं. २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती १५ पासून 'पब्लिक' या नेहमीच्या स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या टेबलांच्या कप्प्यात) कोणीही उठून टेबल बनवण्याची मुभा काढून घेतली गेली, आणि ती मुभा त्या ग्रँटमध्ये येत नाही. परिणाम असा की कनेक्शन छान जुळतं, पण टेबलं बनवायची वेळ आली की 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'. युजरलाच डेटाबेसचा मालक केलं की हा प्रश्न उद्भवत नाही. डेटाबेस आधीच बनवून बसला असाल तर 'ऑल्टर डेटाबेस ग्रंथालय ओनर टू ग्रंथपाल;' एवढंच करा.

पायरी २: हाताने आत शिरून पाहा

मुख्य युजरमधून बाहेर पडा आणि आता ग्रंथपाल होऊन दार ठोठवा:

पीएसक्यूएल -एच लोकलहोस्ट -पी ५४३२ -यू ग्रंथपाल -डी ग्रंथालय

यातला यू मोठा, बाकीची अक्षरं लहान. लोकलहोस्ट म्हणजे हेच मशीन आणि ५४३२ हा पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा क्रमांक. पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. आत पोचलात की उलटी तिरकी रेघ आणि त्याला जोडून 'कॉनइन्फो' लिहा. कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या युजरने, कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर आहात हे समोर येईल. ती माहिती टिपून ठेवा. जँगोला तीच सांगायची आहे.

आत पोचला नाहीत तर एरर शांतपणे वाचा. पोस्टग्रेसचे निरोप रुक्ष असले तरी प्रामाणिक असतात, आणि तुम्ही नेमके कुठे अडलात ते त्यांतून कळतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकणारंच कोणी नाही. सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. इथे पासवर्ड बदलून काहीही होणार नाही, तुम्ही दारापर्यंतच गेलेला नाही. उत्तर न येता बराच वेळ लटकून शेवटी टाइमआउट झालं, तर बहुधा मधली फायरवॉल आडवी येते आहे. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते: पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवरच ऐकतं. बाहेरच्यांसाठी 'लिसन_ॲड्रेसेस' ही सेटिंग बदलावी लागते आणि कोणाला आत घ्यायचं त्याची नोंद 'पीजी_एचबीए' फाइलमध्ये करावी लागते. ती फाइल कुठे आहे हे शोधत फिरू नका. मुख्य युजरने आत जाऊन 'शो एचबीए_फाइल;' म्हणा, पत्ता मिळतो.

'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसलं तर तुम्ही -एच लोकलहोस्ट लिहायला विसरलात. होस्ट दिला नाही की लिनक्सवर जोडणी नेटवर्कने न होता मशीनमधल्याच सॉकेटने होते. त्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी पासवर्ड विचारलाच जात नाही, लिनक्समधलं तुमचं लॉगिन नाव आणि डेटाबेसमधलं नाव एकच आहे का एवढं पाहिलं जातं. पायरी १ मध्ये पासवर्डशिवाय आत जाता आलं ते याचमुळे.

'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' हा निरोप सर्वांत फसवा. पासवर्ड चुकला तरी हाच येतो आणि त्या नावाचा युजरच नसला तरी हाच येतो, म्हणजे कुठली नावं अस्तित्वात आहेत हे बाहेरच्याला ताडता येऊ नये. या निरोपाने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे. मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या होत्या. जुनीने ५४३२ अडवलेला, म्हणून नवीने गुपचूप ५४३३ घेतला. मी युजर बनवला नवीत आणि दार ठोठावत होतो जुनीचं. पासवर्ड चार वेळा बदलून झाला, प्रत्येक वेळी अगदी बरोबर. शेवटी 'शो पोर्ट;' विचारल्यावर उलगडा झाला.

पायरी ३: ड्रायव्हर

पायथनला पोस्टग्रेसची भाषा स्वतःहून येत नाही. मध्ये दुभाषा लागतो. त्याचं नाव सायकोपीजी, स्पेलिंग पी-एस-वाय-सी-ओ-पी-जी. प्रकल्पाचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) चालू करून:

पिप इन्स्टॉल "सायकोपीजी[बायनरी]"

अवतरण चिन्हं ठेवा, काही शेल चौकटी कंसांचा भलताच अर्थ लावतात. जँगो ४.२ किंवा नंतरचं असेल तर हीच तिसरी पिढी वापरा. त्याआधीच्या जँगोला नावाच्या शेवटी २ असलेली जुनी पिढी लागते.

पायरी ४: जँगोला सांगा

सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'डेटाबेसेस' नावाची डिक्शनरी असते. तिच्यातल्या 'डिफॉल्ट' खालचा एसक्यूलाइटचा मजकूर काढून हे लिहायचं:

'इंजिन': 'जँगो.डीबी.बॅकएंड्स.पोस्टग्रेएसक्यूएल',
'नेम': 'ग्रंथालय',
'युजर': 'ग्रंथपाल',
'पासवर्ड': ओएस.एन्व्हायरन['डीबी_पासवर्ड'],
'होस्ट': 'लोकलहोस्ट',
'पोर्ट': '५४३२',

डावीकडचे सगळे शब्द कॅपिटल अक्षरांत, आणि फाइलच्या वरती 'इम्पोर्ट ओएस'. पासवर्ड थेट न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (फाइलबाहेर, मशीनवर ठेवलेल्या नोंदीतून) घेतला आहे, कारण ही फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात जाते. एकदा पासवर्ड कमिट झाला की पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नसतो. तो इतिहासात राहतोच, तेव्हा पासवर्डच बदलावा लागतो.

सगळी माहिती एकाच यूआरएलमध्ये कोंबायची पद्धतही आहे. ती वापरत असाल आणि पासवर्डमध्ये ॲट किंवा हॅशसारखी चिन्हं असतील तर ती टक्के-चिन्हाच्या सांकेतिक रूपात लिहा. ॲट म्हणजे %४०. नाहीतर पासवर्डचा अर्धा भाग होस्टचं नाव समजला जाईल.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी: कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस वेगळ्या कंटेनरमध्ये असेल तर होस्टच्या जागी कंपोझ फाइलमधलं त्या सर्व्हिसचं नाव लिहा.

पायरी ५: तपासा, टेबलं बनवा

जँगो सुरू झाला म्हणजे कनेक्शन जुळलं असं नाही. पहिली क्वेरी (डेटाबेसला विचारणा) करायची वेळ येईपर्यंत तो डेटाबेसकडे जातच नाही. म्हणून टेबलं बनवणारी ही कमांड देऊन मुद्दाम जायला लावा:

पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट

एकेका ओळीपुढे ओके उमटत गेलं की झालं. मग 'पायथन मॅनेज.पीवाय डीबीशेल' चालवा. हे जँगोच्याच सेटिंग्ज वापरून तुम्हाला पीएसक्यूएलमध्ये नेऊन सोडतं. तिथे उलटी तिरकी रेघ आणि डीटी लिहिलं की नवी टेबलं दिसतात. पुढे टेस्ट चालवताना 'परमिशन डिनाइड टू क्रिएट डेटाबेस' आलं तर घाबरू नका. जँगो टेस्टसाठी वेगळा डेटाबेस बनवतो, त्याकरता स्वतःच्या मशीनवर 'ऑल्टर युजर ग्रंथपाल क्रिएटडीबी;' करून टाका. खऱ्या सर्व्हरवर हा अधिकार देऊ नका.

जुना डेटा आणायचा असेल तर

सेटिंग्ज बदलण्यापूर्वी, एसक्यूलाइट अजून जोडलेलं असताना तो एका फाइलमध्ये उतरवून घ्या:

पायथन मॅनेज.पीवाय डम्पडेटा --नॅचरल-फॉरिन -ई कंटेंटटाइप्स -ई ऑथ.परमिशन -ओ जुना.जेसन

मग पोस्टग्रेसवर मायग्रेट करून 'लोडडेटा जुना.जेसन'. -ई लावून ते दोन विषय वगळायचे, कारण मायग्रेट त्या नोंदी स्वतःच तयार करतो आणि मग टक्कर होते.

इथेच एसक्यूलाइटचा सैलपणा बाहेर पडतो. मॉडेलमध्ये (टेबलाची रचना सांगणाऱ्या जँगोच्या कोडमध्ये) 'मॅक्स_लेंग्थ', म्हणजे अक्षरांची मर्यादा, ५० लिहिली असली तरी ते ८० अक्षरंही निमूट ठेवून घेतं. पोस्टग्रेस ठेवत नाही, 'व्हॅल्यू टू लाँग' म्हणून अख्खी भरती थांबवतं. देवनागरी मजकुरात ही मर्यादा वाटते त्याआधी संपते, कारण मोजणी युनिकोड चिन्हांची होते: 'क्षि' आपल्याला एक अक्षर, डेटाबेसला चार चिन्हं. शोधही बदलतो. एसक्यूलाइटवर जँगोचा 'कंटेन्स' इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेसवर करतो. काल सापडणारी नोंद आज सापडेनाशी झाली तर 'आयकंटेन्स' करून पाहा.

कनेक्शनचा हिशेब

जँगो मुळात प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडतो आणि संपली की बंद करतो. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतं, त्यामुळे हे काही फुकट नसतं. 'कॉन_मॅक्स_एज' ६० ठेवलं तर तेच कनेक्शन ६० सेकंदांपर्यंत पुन्हा वापरलं जातं. सोबत 'कॉन_हेल्थ_चेक्स' ट्रू करा, म्हणजे मधल्या काळात मेलेलं कनेक्शन वापरायला जाऊन एरर येणार नाही. ही सोय जँगो ४.१ पासून आहे.

पण आकडा हा सगळ्याच्या वर. पोस्टग्रेस मूळ सेटिंगनुसार १०० कनेक्शन घेतं, त्यातली ३ सुपरयुजरसाठी, म्हणजे मुख्य युजरसाठी राखीव. ॲप्लिकेशन चालवणाऱ्या ४ वर्कर प्रोसेस, प्रत्येकीत ४ थ्रेड आणि थ्रेडमागे एक कनेक्शन म्हणजे १६ कनेक्शन. तोच ॲप्लिकेशन सहा सर्व्हरवर चालवलात तर ९६, आणि तुम्ही पीएसक्यूएलमधून दोन खिडक्या उघडल्यात की 'टू मेनी क्लायंट्स'च्या आसपास पोचलात. नेमकी किती उघडी आहेत हे कधीही विचारता येतं:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी;

यात पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पार्श्वभूमीतल्या प्रोसेसही मोजल्या जातात, म्हणून आकडा थोडा जास्त दिसेल.