बाईक-कारसाठी जीपीएस ट्रॅकर घेताय? या चुका टाळा, नाहीतर ऐनवेळी ॲपमध्ये नुसतं 'ऑफलाइन' दिसेल

ट्रॅकर घेताना बहुतेक लोक काय बघतात, तर रेटिंग, ॲप दिसायला कसं आहे आणि डबा किती छोटा आहे. पण ट्रॅकर चोरी थांबवत नाही हो, तो फक्त सांगतो की गाडी हलली आणि आत्ता कुठाय, आणि तेही तेव्हाच जेव्हा तो चार्ज असेल, त्याला रेंज असेल आणि चोराला सापडलेला नसेल. म्हणून विचार उलटा करायचा. रात्री अडीचला सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी उचलली, तर पुढचा एक तास हा डबा काय करेल? या प्रश्नाचं उत्तर देता येत असेल तरच पैसे टाका.

ब्लूटूथ टॅगला जीपीएस समजणं

ही सगळ्यात कॉमन चूक. एअरटॅग किंवा तसल्या बटणाएवढ्या टॅगमध्ये ना जीपीएस असतो ना सिम. तो ब्लूटूथवर ओरडत बसतो आणि आजूबाजूने कुणाचा चालणारा फोन गेला तर त्या फोनमार्फत तुम्हाला लोकेशन मिळतं. शिवाजीनगरला ठीक आहे, पण गाडी आडवाटेच्या गोडाऊनमध्ये नेली तर तिथे कोण फिरकणार. दुसरी भानगड अशी की कुणाचा पाठलाग करायला हे टॅग वापरले जाऊ नयेत म्हणून अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय अशी वॉर्निंग फोनवर येते, आयफोनवर आधीपासून होतीच आणि २०२३ पासून अँड्रॉइडवरही येते, म्हणजे चोरालाच कळवणार की साहेब सीटखाली बघा, आणि वर तो टॅग वाजवून शोधायची सोयही आहे. चाव्यांना, बॅगेला टॅग मस्त. गाडीत मेन ट्रॅकर सोडून दुसरा बॅकअप म्हणून टाकायचा तर टाका, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

सिम आणि नेटवर्क न बघता घेणं

जीपीएस चिप फक्त सॅटेलाइटचे सिग्नल ऐकते, लोकेशन तुमच्यापर्यंत पाठवायचं काम सिम करतं. स्वस्तातले बरेच ट्रॅकर अजून फक्त टूजीवर चालतात आणि जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम टाकलं की डबा मेला. एअरटेल, व्हीआयचं टूजी अजून चालतं पण आज नवीन घेताना फोरजीच घ्या, आणि फोरजी न मिळाल्यास टूजीवर जाणारं मॉडेल असेल तर उत्तम. काही ट्रॅकरमध्ये आधीच १३ आकडी नंबरचं मशीनचं सिम बसवलेलं येतं, ते सोयीचं असतं पण मग कुठली कंपनी, दरवर्षी रिन्यूअल किती, हे घ्यायच्या आधी विचारा, कारण पहिलं वर्ष फ्री आणि दुसऱ्या वर्षापासून दणका हा नेहमीचा प्रकार आहे. स्वतःचं सिम टाकलं तर रिचार्ज लक्षात ठेवायचं काम तुमचं. व्हॅलिडिटी संपते, डेटा बंद पडतो, आणि हे कळतं गाडी गेल्यावर.

'९० दिवस बॅटरी' यावर विश्वास

पोर्टेबल, लोहचुंबकवाल्या ट्रॅकरच्या खोक्यावर जे दिवस लिहिलेले असतात ते बहुतेक वेळा डबा झोपलेला धरून लिहिलेले असतात. दिवसातून एकदा लोकेशन पाठवलं तर महिने निघतील, दर १० सेकंदाला पाठवलं तर काही दिवसांत संपेल, सेम बॅटरी. म्हणून असं मॉडेल बघा जे उभ्या गाडीत झोपतं आणि हादरा बसला की जागं होऊन पटापट लोकेशन पाठवतं. आणि लिथियम बॅटरीला उष्णता चालत नाही, साधारण ४५ अंशाच्या वर चार्जिंग करायचं नसतं, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात डॅशबोर्डवर किंवा सायलेन्सरजवळ डबा ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

चार्जिंगची कटकट नको म्हणून वायरवाला घेताय? मग बाईकवाल्यांनी हा हिशोब आधी करा. छोट्या बाईक-स्कूटरची बॅटरी ३ ते ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) असते. समजा ट्रॅकर सतत २० मिलीअँपिअर खातोय, तर दिवसाला जवळपास अर्धा एएच गेला, म्हणजे ३ एएचची बॅटरी सहा-सात दिवसांत आडवी. दिवाळीत गावाला जाऊन आलात की सेल्फ मारत नाही आणि शिव्या बॅटरीवाल्याला. उभ्या गाडीत किती करंट खातो ते विक्रेत्याला विचारा, आणि आतमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असलेलाच घ्या, नाहीतर चोराने मेन बॅटरीची वायर काढली की खेळ खल्लास.

जागा चुकणं

कारमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं मशीन जोडतो ते सॉकेट) लावायचा ट्रॅकर फार सोपा, दोन सेकंदात लागतो. दोन सेकंदात निघतोही, आणि सराईत चोर पहिला हात तिथेच घालतो. बाईकला सीटखाली टूलकिटच्या जागी ठेवलेला पण लगेच सापडतो. प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे, हेडलाइटच्या मुखवट्यात, कारच्या बंपरच्या आत अशा जागा बऱ्या, कारण प्लॅस्टिकमधून सिग्नल जातो पण पत्र्यातून जात नाही. चेसिसखाली चुंबकाने चिकटवलेला डबा कधी लोकेशन देतो कधी नाही, शिवाय आपल्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर पडण्याची भीती, आणि पावसाळ्यात पाणी. वॉटरप्रूफ रेटिंग बघा, आयपी६७ असेल तर बरं.

अलर्ट येतो पण तुम्ही झोपलेले

ॲपचं नोटिफिकेशन टिंग करून येतं, फोन सायलेंट, सकाळी सात वाजता कळतं. गाडी हलली की थेट फोन कॉल करणारा ट्रॅकर घ्या आणि तो नंबर डू नॉट डिस्टर्बमधून वगळा. हादऱ्याची सेन्सिटिव्हिटी मात्र जमवून घ्या, नाहीतर शेजारून ट्रक गेला की कॉल आणि चौथ्या दिवशी वैतागून तुम्हीच अलार्म बंद करणार. आणि हो, दिवसा नो पार्किंगमधून गाडी हलल्याचा अलर्ट आला तर आधी ट्रॅफिकवाल्यांच्या टोइंगची खात्री करा मग बोंब मारा.

पासवर्ड १२३४५६ तसाच ठेवणं

हे लोक हसण्यावारी नेतात. २०१९ मध्ये अव्हास्ट या सिक्युरिटी कंपनीने दाखवलं होतं की साधारण ६ लाख स्वस्त चिनी ट्रॅकर १२३४५६ हाच पासवर्ड ठेवून चालू आहेत, आणि २०२२ मध्ये मायकोडस एमव्ही७२० या मॉडेलमध्ये अशा त्रुटी सापडल्या की अमेरिकन सरकारी एजन्सीला इशारा द्यावा लागला, कारण बाहेरचा माणूस गाडीचं लोकेशन बघू शकत होता आणि इंधनही तोडू शकत होता. तुमची गाडी रोज कधी घराबाहेर असते हे चोराला फुकट कळावं असं वाटत नसेल तर पहिल्याच दिवशी ॲपचा आणि एसएमएस कमांडचा, दोन्ही पासवर्ड बदला.

इंधन तोडण्यावरून आठवलं, लांबून इंजिन बंद करणारा रिले लावून घेताय तर चालत्या गाडीत तो दाबू नका. खंबाटकी घाटात इंजिन गेलं की कारचं पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते, चोरासोबत रस्त्यावरचे इतरही मरतील. गाडी थांबल्यावरच कट करणारं सेटिंग शोधा. नवीन कारची वायर कापून बसवणार असाल तर वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

डबा चालत नाहीये?

नवीन डबा ऑफलाइन दाखवत असेल तर आधी सिम फोनमध्ये टाकून सिमचा पिन लॉक काढा आणि नेट चालतंय का बघा. चालत असेल तर बहुधा एपीएन (सिमच्या इंटरनेटचं सेटिंग) चुकलाय, तो एसएमएसने सेट करावा लागतो, जिओचा जिओनेट, एअरटेलचा वेगळा. मॅप बरोबर पण वेळ अडीच तास पुढे दिसतेय? मग चीनचा टाइमझोन आहे, साडेपाच तास मागे असेल तर युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे. लोकेशन शेजारच्या गल्लीत नाहीतर थेट दोन किलोमीटरवर दाखवत असेल तर जीपीएस मिळत नाहीये, तो टॉवरवरून अंदाज मारतोय, बेसमेंट पार्किंगमध्ये हे होणारच. पहिल्यांदा चालू करताना गाडी मोकळ्या आकाशाखाली १०-१५ मिनिटं उभी करा. उंच इमारतींच्या मधे उभी गाडी मॅपवर वीस-तीस मीटर नाचत असेल तर डबा बिघडलेला नाही, सिग्नल भिंतींवर आपटून येतोय.

एक विक्रेता हमखास सांगेल की एआयएस-१४० (गाडीतल्या ट्रॅकरचं सरकारी मानक) कंपल्सरी आहे म्हणून महागडा घ्या. तो नियम मुख्यतः टॅक्सी, बससारख्या भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनांसाठी आहे, तुमच्या घरच्या ॲक्टिवाला नाही.

आणि गाडी गेलीच तर लोकेशन बघत एकट्याने मागे पळू नका, ११२ लावा, लाइव्ह लोकेशनची लिंक पोलिसांना द्या, त्याच दिवशी एफआयआर करा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं) आणि विमा कंपनीला लगेच कळवा. क्लेमच्या वेळी ते दोन्ही चाव्या मागतात, दुसरी कुठाय ते आजच शोधून ठेवा. विम्यात सूट मिळते म्हणून ट्रॅकर विकत असतील तर एवढं बघा की ती सूट एआरएआयने (वाहनांची चाचणी करणारी पुण्याची संस्था) मान्यता दिलेल्या उपकरणालाच असते, आणि तीही सहसा ओन डॅमेज प्रीमियमच्या (हप्त्यातला आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये.