परत न ठेवता काढताना संभाव्यता कुठे चुकते? या चुका टाळा

कळमन्याच्या बाजारातून डझनभर संत्री आणली. त्यांतली 3 आतून सडकी आहेत, पण सालीवरून ओळखू येत नाहीत. न बघता एकामागून एक दोन काढली. पहिलं परत पिशवीत टाकलं नाही. दोन्ही सडकी निघण्याची संभाव्यता किती?

सर्रास येणारं उत्तर: 3/12 × 3/12 = 1/16. इथे हिशेबात पहिलं संत्रं गुपचूप पिशवीत परत गेलं. एक सडकं निघाल्यावर उरतात 11, त्यांत सडकी 2. म्हणून 3/12 × 2/11 = 1/22. छेद दर वेळी एकाने घटतो. अंश घटेल की नाही, हे आधी काय निघालं त्यावर ठरतं.

खरे मार्क जातात ते ‘नेमकं एक सडकं’ या प्रश्नात. 3/12 × 9/11 = 27/132 लिहून मुलं थांबतात. ही झाली फक्त ‘आधी सडकं, मग चांगलं’ ही बाजू. उलट क्रमाचेही 9/12 × 3/11 = 27/132 धरा; बेरीज 54/132, म्हणजे 9/22. कॉम्बिनेशनने, म्हणजे क्रम न बघता निवडीचे प्रकार मोजून केलं तर वर 3 × 9 = 27 आणि खाली 12सी2 (12 मधून 2 निवडण्याचे प्रकार) = 66, उत्तर तेच. या रीतीत क्रम वर-खाली दोन्हीकडे गाळलेला असतो, त्यामुळे पुन्हा 2 ने गुणू नका. वर 27 आणि खाली 12 × 11 अशी भेसळ केली की उत्तर निम्मं येतं, आणि दिसायला इतकं साळसूद की शंकाही येत नाही. दोन्ही संत्री एकदम उचलली तरी गणित हेच.

ताळा सोपा आहे. दोन्ही चांगली: 9/12 × 8/11 = 12/22. आता 1/22 + 9/22 + 12/22 = 1. बेरीज 1 नाही आली तर एखादा क्रम सुटलाय. ‘किमान एक सडकं’ विचारलं तर सरळ 1 − 12/22 = 5/11.

पहिलं न बघताच बाजूला ठेवलं, तर दुसरं सडकं असण्याची संभाव्यता? 2/11 नाही, 3/11 सुद्धा नाही. दोन्ही सडकी 6/132, आधी चांगलं मग सडकं 27/132; बेरीज 33/132 = 1/4. पहिल्याची माहितीच नाही, तर बदलणार काय!

ट्रकभर 10,000 संत्र्यांत 2,500 सडकी असतील तर दोन्ही सडकी निघण्याची संभाव्यता 0.06248, परत ठेवून काढली असती तर 0.0625. नमुना (काढलेली संत्री) एकूण मालाच्या 5 टक्क्यांच्या आत असेल तर एवढा ढोबळपणा सहसा चालवून घेतात. 12 पैकी 2 म्हणजे जवळपास 17 टक्के. तिथे चालत नाही.