टाकीतलं पाणी मोजताय? मग या चुका टाळा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकीत किती उरलंय हे कळणं ही गरज आहे. म्हणून लोक स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून पाण्यावरून आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) मागवतात, एक व्हिडिओ बघतात आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर टक्के दिसायला हवेत म्हणून झाकणाला भोक पाडून मोकळे होतात. पुढचे फोन मला येतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सेन्सर आणि भरलेलं पाणी यांत अंतर न ठेवणं. पाणी लागलं तरी चालणारा जेएसएन-एसआर०४टी नावाचा सेन्सर साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं नीट मोजत नाही. पाणी १२ सेंटिमीटरवर आलं की पहिला प्रतिध्वनी त्याच्या हातून सुटतो, दुसऱ्यांदा आपटून आलेला पकडतो आणि २४ दाखवतो. जुळे सोलापुरात एकांनी याच आकड्यावर मोटर बंद करायचं काम सोपवलं होतं. रात्री पाणी आलं, टाकी भरली, मोटर चालूच. सकाळी जिना धुतलेला आणि खालचा हौद कोरडा. वर मलाच म्हणतात, "अहो, टाकी भरलीच नाही म्हणतंय की हे!" मी मोटरसाठी नेहमी वेगळा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत वर येऊन मोटर बंद करणारा) लावतो. सेन्सरने फक्त आकडा दाखवावा.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. सेन्सरच्या बहुतेक तयार कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो; तो २० अंश सेल्सिअसच्या हवेतला. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीत झाकणाखालची हवा ५० अंशांवर गेली तर वेग ३६० च्या पुढे जातो. मीटरभर खाली असलेलं पाणी मग ९५ सेंटिमीटरवर दिसतं, म्हणजे आहे त्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त. घरगुती हजार लिटरच्या टाकीत हे चाळीस-पन्नास लिटर होतात. तापमानाचा छोटा सेन्सर झाकणाखाली लावा, नाहीतर पहाटेचाच आकडा खरा माना.

टक्क्यांवर माझा विश्वास नाही, लिटर काढा. टाकीचा परीघ सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करून १२.५७ ने भागा, मग हजारने भागा. एका सेंटिमीटरला किती लिटर ते मिळतं. वरचा घुमटाकार भाग यात धरू नका.

पाणी कुठवर आलंय ते कळायला पाण्यात तांब्याच्या दोन वायरी सोडून कायम डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) देऊ नका. एक वायर खंगते आणि तांबं पाण्यात उतरतं. स्टीलच्या सळ्या घ्या, मोजण्यापुरताच करंट द्या.

एकाच रीडिंगवर जाऊ नका, पाच रीडिंग लहान-मोठ्या क्रमाने लावून मधलं घ्या.

पाणी पडतं त्या पाइपाशेजारी सेन्सर नको.

कोडला हात लावण्याआधी एक सरळ काठी टाकीत उभी सोडून ओल्या खुणेशी आकडा जुळवा. हे कुणीच करत नाही, कारण काठीचा स्क्रीनशॉट निघत नाही. आणि एवढा खटाटोप नकोच असेल तर टाकीच्या तळाशी टी (तीन तोंडांचा पाइपजोड) जोडून बाहेर पारदर्शक नळी उभी करा, वरचं तोंड उघडं ठेवा. नळीत बुडबुडा अडकला तर टिचकी मारून काढा, आणि ऊन लागून शेवाळ धरलं की नळी बदला.