स्वतंत्र वकिली सुरू करताय? आधी या चुका टाळा

सीनियरचं ऑफिस सोडून स्वतःची पाटी लावली की पहिल्या वर्षात कायदा न आल्यामुळे क्वचितच अडतं. अडतं ते मुदत हुकल्यामुळे. तिथे बोर्ड (कोर्टात त्या दिवशी लागलेल्या प्रकरणांची यादी) बघायला कुणीतरी होतं, इथे सगळं तुमच्या डोक्यावर.

चेक बाउन्सचंच घ्या, कारण नवीन वकिलाकडे असली कामं लवकर येतात. पक्षकार रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत करताना बँकेने दिलेली चिठ्ठी, पुढे ठेवतो. मेमोवरची तारीख वाचून थांबू नका, तो त्याच्या हातात कधी पडला ते विचारा. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ची, म्हणजे पैसे मागणारी नोटीस पोस्टात पडली पाहिजे. हे ३० दिवस गेले तरी लगेच हात टेकू नका. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटले नसतील, तर तो पुन्हा बँकेत भरा. परत आला की नवा मेमो आणि नवी मुदत.

नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची, पैशापैशापर्यंत तीच. व्याज आणि नोटिशीचा खर्च मागायचा असेल तर वेगळा दाखवा. सगळं एकाच आकड्यात कोंबलं किंवा टायपिंगमध्ये आकडा चुकला, तर तक्रार तिथेच अडचणीत येते. स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगची प्रिंट त्याच आठवड्यात काढा, नंतर ते ऑनलाइन दिसेलच असं नाही.

आता हिशेब. नोटीस १० जुलैला मिळाली, तर पैसे द्यायचे १५ दिवस २५ जुलैला संपतात. त्याआधी दाखल केलेली तक्रार टिकत नाही. २६ जुलैपासून एक महिना तुमचा, पण डायरीत २० ऑगस्ट लिहा. उशीर माफ होऊ शकतो, मात्र त्यासाठी सबळ कारण आणि वेगळा अर्ज लागतो.

दिवाणी दाव्यात प्रतिवादीकडून उभे राहिलात तर समन्स कधी बजावलं, हा पहिला प्रश्न. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, त्यापासून ३० दिवसांत, परवानगीने ९० पर्यंत. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर हक्कच जातो, तिथे कोर्टाच्या मेहेरबानीचा प्रश्नच उरत नाही.

फीचं दुखणं वेगळं. ‘निकाल लागल्यावर बघू’ हे तोंडी ठरवू नका, आणि वसुलीतला टक्का फी म्हणून घेणं तर बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. टप्पे पाडून लिहून घ्या: दाखल करताना, पुराव्याला, युक्तिवादाला. थकलेल्या फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केलं आहे. स्टॅम्प आणि समन्सच्या खर्चासाठी घेतलेले पैसे फीमध्ये मिसळू नका, वहीत वेगळा रकाना ठेवा.

आधीचा वकील रेकॉर्डवर असेल तर त्याच्या संमतीशिवाय वकीलपत्र टाकू नका. तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागा. इन्स्टाग्रामवर ‘जामीन हमखास’ वगैरे रील तर नकोच. वेबसाइट चालते, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र, एवढंच.

जुने मसुदे कॉपी करताना कलमं तपासा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार ५२८ वर गेले.

आणि निकाल विरोधात गेला तर निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात. नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, अर्ज न करता घरी बसलेले दिवस नाही.