वावरात जुनी खापरे सापडल्यास काय करावे

नागपूर परिसरातील जुनापाणी, माहुरझरी आणि नैकुंड येथे महापाषाणीय काळातील, म्हणजे दफनाच्या जागी मोठे दगड रचण्याची प्रथा असलेल्या प्राचीन काळातील, शिळावर्तुळे (दगडांची वर्तुळे) आहेत. त्यामुळे विदर्भात वखरणी करताना किंवा विहीर खोदताना काळी-तांबडी खापरे, गंजलेली लोखंडी कुऱ्हाड अथवा अकीकाचे (एका रंगीत दगडाचे) मणी वर आले तर त्यात नवल नाही.

असे काही दिसताच तेथील काम थांबवावे आणि वस्तू जागची हलवू नये, कारण ती कोणत्या थरात व कशाशेजारी होती, यातच तिचा निम्मा इतिहास असतो. शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलने छायाचित्र घ्यावे. गट क्रमांक, धुऱ्यापासूनचे अंतर आणि खोली वहीत टिपावी.

सर्वांत मोठे नुकसान धुण्याने होते. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीत मुरलेल्या स्निग्धांशावरून त्यात काय शिजत होते, याचा माग आता प्रयोगशाळेत काढता येतो, आणि चिमूटभर कोळसाही कार्बन-१४ पद्धतीने काळ सांगू शकतो. साबण, तेलकट हात किंवा श्रद्धेने लावलेले शेंदूर-तेल यांमुळे हा पुरावा दूषित होतो, म्हणून नुसती कोरडी माती टाकून जागा झाकावी.

त्यानंतर तलाठ्यांना व तहसील कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. नाणी सराफाकडे वितळवायला मुळीच नेऊ नयेत.